सोल्युशन वाळेपर्यंत

काल वारंगा फाट्यावर बसमधून उतरले आणि तो वास नाकात शिरला. रशीदभाईंच्या सीटकव्हरच्या दुकानासमोर एका ट्रकची सीट उलटी पडली होती आणि ते तिच्या फोमवर ब्रशनं चिकटवायचं पिवळं सोल्युशन ओढत होते. उग्र, गोडसर, कपाळात जाऊन बसणारा वास. बाकीच्या बायांना नवरात्र म्हटलं की झेंडू आठवतो, धूप आठवतो, उपासाची भगर आठवते. मला हा वास आठवतो. मी रस्त्यातच उभी राहिले. मागून रिक्षावाला ओरडला तेव्हा बाजूला झाले.

रशीदभाईंनी मान वर केली. "काय बेटी, पुन्हा?"

"व्हय, पुन्हा," मी म्हटलं.

त्यांनी छोटा डबा कागदात गुंडाळून दिला. त्यांना माहीत होतं की आता माप दुसऱ्याचं आहे.

मी शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. माहेरीच असते, त्याची कारणं सांगत बसले तर लेख त्यातच संपेल. आमचं गाव फाट्यापासून आत आहे. थोडी शेती, दारात शेळ्या, आणि घरात एक मान. दसऱ्याला देवीची पालखी शिलंगणाला, म्हणजे शिवेपर्यंत जाते, तेव्हा पालखीच्या पुढं आमच्या घरचा माणूस चिलखत घालून, हातात तलवार घेऊन चालतो. प्रत्येक घराचं असं काहीतरी ठरलेलं आहे. कुणाची हलगी, कुणाची छत्री, कुणाचं पालखीला खांदा देणं. आमचं चिलखत. आमच्या पणजोबांनी कधीतरी गावच्या लोहाराकडून ते घडवून घेतलं होतं. जाड पत्रा, वर पितळेच्या पट्ट्या, आतून चामडं. उचलायला दोन हात लागायचे. आप्पा, म्हणजे माझे वडील, एकोणिसाव्या वर्षापासून ते घालत आले होते आणि त्यात दुपारच्या उन्हात शिवेपर्यंत जाऊन परत येत होते. वर्षभर कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला हा माणूस त्या एका दुपारी गावाच्या पुढं चालायचा.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी त्यांच्या छातीत दुखलं. नांदेडला नेलं, हृदयाच्या नळीत दोन स्प्रिंगा बसवल्या. डॉक्टरांनी बजावलं की पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. आप्पांनी मान डोलावली. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी भिंतीवरच्या खुंटीकडं बघत मला म्हणाले, "दसऱ्याला टाइम हाय अजून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, "आप्पा, ते आता गणेशला घालू द्या." गणेश माझा चुलत भाऊ. धडधाकट, ट्रॅक्टर चालवतो.

"मी हाय तवर मीच. मी गेलो की घालंल त्यो."

आई रडली, भांडली, दोन दिवस बोलली नाही. आप्पांवर परिणाम शून्य. आमच्या घरात हट्ट वडिलोपार्जित आहे, जमिनीपेक्षा जास्त मिळालेला. तेव्हा मी ठरवलं की चिलखत त्यांनी घालायचंच असेल तर ते कागदाइतकं हलकं असलं पाहिजे. मोबाईलवर एका पोराचा व्हिडिओ बघितला होता. तो फोमचं चिलखत करून, चंदेरी रंग देऊन, अगदी लोखंडाचं वाटावं असं मिरवत होता. आप्पांना दाखवलं. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "कर. पर लोकायनं हसू नये असं कर. न्हाई जमलं तर माझं पत्र्याचं हायेच."

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. जमलं तर आप्पा हलकं घालून चालतील. नाही जमलं तर पत्र्याचं घालतील आणि रस्त्यात पडतील. ह्या दोन्हींच्या मधे काय होतं? डिंक.

आता हसू येतं, पण तेव्हा हसू येत नव्हतं. नांदेडहून मी जाड फोमच्या चटया आणल्या होत्या, लहान लेकरांच्या खोलीत अंथरतात त्या, एकमेकींत अडकणाऱ्या. पत्र्याच्या चिलखताचा कागदावर छाप काढला, तुकडे कापले. कापायला मला काय लागतं! इस्त्रीची ऊब दिली की फोम छान वळतो, हेही कळलं. छाती झाली, पाठ झाली, खांदे झाले. सगळे तुकडे अंगणात मांडले तेव्हा वाटलं, झालंच की. जोडायचं तेवढं राहिलं.

माझा सगळा विश्वास सुईवर. म्हणून पहिल्यांदा मी शिवलं. दुहेरी दोरा, बारीक टाका. आप्पांनी हात वर केला आणि टाक्याच्या भोकाभोकांवरून फोम सरळ फाटला. दोऱ्याला काही झालं नाही. शिवणकामात पंधरा वर्षं घातलेली बाई मी, आणि दोरा जिंकला म्हणून हरले.

मग सुताराचा पांढरा डिंक. लावला, वर पाटा ठेवला, पाट्यावर वरवंटा ठेवला. दुसऱ्या दिवशी उचललं तर आत अजून ओलाच. लाकूड ते पाणी पितं, फोम पीत नाही, मग वाळणार कसा? तिसऱ्या दिवशी साय निघावी तसा सगळा पापुद्रा निघून आला. मग छोट्या नळीतला, चुटकीसरशी चिकटणारा डिंक. माझी दोन बोटं पहिल्यांदा चिकटली, मग फोम. चिकटला मात्र घट्ट. मला आनंद झाला. आप्पा खाली वाकले आणि जोड काचेसारखा कडकन मोडला. अंग हलतं, फोम हलतो, तो डिंक काही हलत नाही.

दारात बाया ब्लाऊज मागायला यायच्या, त्यांना मी दसऱ्यानंतर या म्हणायचे. दसऱ्याला नेसायचं लुगडं आणि ब्लाऊज दसऱ्यानंतर! एक बाई चिडून कापड परत घेऊन गेली. शेतात सोयाबीन पिवळं पडलं होतं. मजूर मिळत नव्हते. आई दोन बाया घेऊन स्वतः कापत होती आणि घरी आली की माझ्यावर पेटत होती. "तिकडं शेंगा तडकून राहिल्या, दाणे मातीत चालले, अन् ही बसली डिंक लावत. काहून डोक्यावर बसवून राहिली त्यायच्या हट्टाला?" आईला राग सोयाबीनचा नव्हता हे मला माहीत होतं.

चौथ्या माळेला मी शाळेतल्या एका बाईंकडून ग्लू गन आणली. विजेवर तापते, आतली मेणासारखी कांडी वितळून बाहेर येते. काय सांगू, वाटलं देवीच पावली. भराभर चिकटत होतं, वाकवलं तर वाकत होतं. एका दिवसात अख्खं चिलखत उभं राहिलं. मी ते घरात, पंख्याखाली, आप्पांच्या अंगावर चढवलं. दहा वेळा हात वर करायला लावला. दहा वेळा टिकलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

चूक कसली केली ते शहाण्या माणसाला एव्हाना कळलं असेल. दसऱ्याची पालखी काय पंख्याखालून निघते?

पाचव्या माळेला दुपारी आप्पा म्हणाले, "अंगणात जाऊन बघू." नवरात्रातलं आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. पाऊस गेलेला, आभाळ धुतलेलं, आणि सूर्य चैत्रासारखा. आप्पा चिलखत घालून लिंबाच्या सावलीबाहेर उभे राहिले. मी कौतुकानं बघत होते. थोड्या वेळानं डावा खांदा हळूच खाली सरकला. मी धावले. हात लावला तर जोड मऊ, गरम, तारा सुटत होत्या. मग उजवा सरकला. मग बरगडीजवळची पट्टी. आप्पा तसेच उभे होते, आणि मी त्यांच्याभोवती फिरत एकेक तुकडा दाबून धरत होते. इकडं दाबलं की तिकडं सुटायचं.

आप्पांनी उरलेलं चिलखत काढलं, घडी घालावी तसं बाजेवर ठेवलं आणि आत गेले. मी अंगणात बसून राहिले. थोड्या वेळानं आतून आवाज यायला लागला. खस, खस, खस. मला तो आवाज लहानपणापासून माहीत होता. चिंचेनं पितळ घासण्याचा.

मी आत गेले. आप्पांनी पत्र्याचं चिलखत खुंटीवरून काढून मांडीवर घेतलं होतं आणि चिंचेचा गोळा घेऊन पट्ट्या घासत होते. खुंटीवरून ते त्यांनी एकट्यानं कसं काढलं, ते विचारायचीही मला भीती वाटली. धाप लागली होती त्यांना.

"आप्पा, ठेवा ते."

"चार दिस राहिले, माय. घासायला टाइम लागतो ह्याला."

"तुमी मरता का ह्याच्यापायी?" मी ओरडले. असं मी त्यांना कधी बोलले नव्हते.

त्यांनी घासणं थांबवलं नाही. "त्ये तुकडे गळत गळत गावातून जाण्यापरीस हे घालून पडलेलं बरं."

चिंचेचं पाणी त्यांच्या धोतरावर सांडत होतं. माझ्या हातात सुटलेला डावा खांदा होता. त्या क्षणी मी देवीला शिव्या दिल्या, खरंच दिल्या, घट बसलेला असताना. मला ह्या माणसाला वाचवायचं होतं आणि मला साधा डिंक सापडत नव्हता.

मी तशीच पायात चप्पल सरकवून निघाले, फाट्यावर आले. जाऊन कुणाला विचारायचं हेही ठरवलं नव्हतं. रशीदभाई ट्रकच्या सीटवर वाकलेले दिसले. फोम दिसला. वर्षानुवर्षं त्यांच्या दुकानावरून गेले असेन, पण तो फोम मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. ड्रायव्हर लोक त्यावर उन्हात, घामात, दिवसरात्र बसतात आणि तो सुटत नाही! मी हातातला खांद्याचा तुकडा त्यांच्यापुढं धरला आणि रडायलाच लागले. त्यांनी आधी स्टूल दिलं, पाणी दिलं, मग तुकडा हातात घेतला. बोटानं वरचा गुळगुळीतपणा चाचपला.

"घासलं का ह्याला?"

"न्हाई."

"मग काय चिकटंल? पहिले पॉलिश पेपरनं घासायचं, चमक मारायची. मग सोल्युशन, दोन्ही बाजूंना, पातळ हात. मग..." ते थांबले. "मग काय करायचं सांग?"

"चिकटवायचं."

"गलत!" ते हसले. "मग हात बांधून बसायचं. दहा मिनिटं. बोट लावलं तर बोटाला येऊ नये, तवा चिकटवायचं. ओलं असताना न्हाई चिकटत ते, बेटी. वाळल्यावर चिकटतं. अन् एकदा लागलं की सरकवता येत न्हाई, बराबर बघून लाव. चुलीपासून लांब बस, जाळ पकडतं. अन् जादा वाळू देऊ नको, मेलं मग ते."

वाळल्यावर चिकटणारा डिंक! आमच्या घरात दहा मिनिटं हात बांधून बसलेलं माणूस मी पाहिलेलं नव्हतं. पण घेतला. घरी येऊन आधी छातीवरच्या फुलाला लावला. ते फूल मी हौसेनं थर्माकोलचं कोरलं होतं. सोल्युशननं ते डोळ्यांदेखत खाऊन टाकलं, खड्डाच पडला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मग फूलही फोमचं कापलं.

पुढचे तीन दिवस आम्ही दोघं अंगणात बसलो. सकाळी, ऊन चढायच्या आधी. खांद्याची वळणं अंगावरच बरोबर येत होती, म्हणून आप्पांना स्टुलावर बसवायचे, अंगावर अस्तर म्हणून जुन्या लुगड्याचा तुकडा टाकायचे, आणि त्यावर तुकडे बसवायचे. सोल्युशन लावलं की थांबायचं. आणि आप्पा, ज्यांनी आयुष्यभर कापसाची, पावसाची, शेळी विण्याची वाट बघितली, त्यांना ही दहा मिनिटं निघत नव्हती.

"झालं का गं माय?"

"न्हाई."

जरा वेळानं, "झालं का?"

"आप्पा, दम धरा की! हालू नका."

"पाठ खाजून राहिली."

मग मी फुटपट्टीनं त्यांची पाठ खाजवायचे. ते सांगायचे की पत्र्याच्या आतसुद्धा अशीच खाजायची. चाळीस वर्षं मिरवलो आणि चाळीस वर्षं पाठ खाजली, पण हात पोचत नव्हता आणि गावापुढं खाजवायचं कसं? त्यांच्या वडिलांनी चिलखत देताना तलवार कशी धरायची, पाय कसा टाकायचा, सगळं सांगितलं, हे तेवढं सांगितलं नाही. म्हणून मी सांगून ठेवतो, म्हणाले, गणेशला सांग. मी म्हटलं, तुमीच सांगा. मग पुन्हा, "झालं का?" मी वैतागून बोट लावायचे, बघायचे, नाही म्हणायचे. चौथ्या-पाचव्यांदा विचारलं की बरोबर वाळलेलं असायचं. घड्याळाची गरज पडली नाही.

एकदा मी घाई केली. डावा खांदा लावताना नीट बघितलं नाही आणि तो बोटभर खाली बसला. ओढून बघितला, ढिम्म हलेना. मी कपाळावर हात मारला. आप्पा मान वळवून बघत म्हणाले, "राहू दे. दवाखान्यापसून माझा डावा खांदा असाबी खालीच चाललाय."

मग रंग. पांढरा डिंक वाया गेला नाही; त्याचे दोन हात दिल्यावर फोमवर चंदेरी रंग छान बसला. नवव्या माळेला चिलखत तयार झालं. आप्पांनी घातलं, चार पावलं टाकली आणि थांबले. "वाजत न्हाई हे," म्हणाले. खरंच, पत्र्याचं चिलखत चालताना खणखण करायचं, गल्लीतली लेकरं आवाज ऐकूनच पळत यायची. फोम मुका. मी हताश होऊन खालीच बसले. आता आवाज कुठून आणू?

आई गोठ्याच्या दारात उभी होती. ती आत गेली. शेळ्यांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा सोडून घेऊन आली आणि माझ्या मांडीवर टाकल्या. "आतून अस्तराला शिव," म्हणाली. "सुई तरी येती ना अजून?"

दसऱ्याला दुपारी पालखी निघाली. आप्पा पुढं, घुंगरं वाजत होती. मी बायांमधून सुटून कडेकडेनं त्यांच्या डाव्या बाजूनं चालत होते. पिशवीत सोल्युशनचा डबा, ब्रश, पॉलिश पेपर. जणू सुटलंच तर पालखी दहा मिनिटं थांबवून वाळवणार होते! ऊन कालच्यापेक्षा जास्त होतं. माझी नजर डाव्या खांद्याच्या जोडावर. मारुतीच्या पारापाशी बघितला. शाळेपाशी बघितला. ओढ्याच्या उतारावर आप्पांचा पाय जरा घसरला, मी पिशवीत हात घातला, पण जोड टिकला. शिवेवर आपट्याची पानं लुटली, लोकांनी सोनं दिलं, घेतलं. मी जोड बघत होते. परत येईपर्यंत सुटला नाही. एक तडासुद्धा नाही. आप्पांना धापसुद्धा लागली नाही फारशी.

नंतर बाया म्हणाल्या, काय तेज होतं गं तुझ्या आप्पांच्या तोंडावर. कुणी म्हणालं, शिवेवर ते रडले. असेल. मला माहीत नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलंच नाही. त्या दिवशी आप्पा कसे दिसत होते ते मला सांगता येत नाही, जोड कसा दिसत होता तेवढं सांगता येतं.

चैत्रात ते लिंबाखाली शेळ्यांना पाला टाकत होते. टाकता टाकता बसले आणि उठले नाहीत. अंगावर काही ओझं नव्हतं. हातात पाल्याची डहाळी होती. दहा वर्षं टिकेल असं मी चिकटवलं होतं. त्यांना ते एकदाच लागलं. गेल्या दसऱ्याला घरात वर्ष सरलं नव्हतं म्हणून पालखीपुढं नुसती तलवार ताटात ठेवून नेली. मी दार लावून मशीनवर बसले होते. हलगी ऐकू येऊ नये म्हणून मशीन रिकामंच चालवत राहिले.

ह्या वर्षी गणेश घालणार. पत्र्याचं घालू शकतो तो, अंगात रग आहे. पण स्वतःच म्हणाला, "ताई, आप्पांनी शेवटी घातलं ते दे." पण त्याची छाती रुंद, बगलेत बसेना. आज सकाळी माप देऊन तो मळणीयंत्रावर गेला. आई शेतात. मी बाजूचा जोड उकलायला घेतला. आधी बोटांनी, मग चमच्याच्या टोकानं. फोम फाटायला लागला, जोड सुटेना. शेवटी जोडाला हात न लावता त्याच्या शेजारून ब्लेडनं कापलं. आतल्या लुगड्यावर त्यांच्या घामाचा पिवळा डाग आहे, तो मी कापला नाही. चार बोटं रुंद नवी पट्टी घेतली, घासली, दोन्ही बाजूंना पातळ हात दिला, आणि थांबले.

समोर स्टूल होतं. त्यावर चिलखत ठेवलं होतं, डावा खांदा बोटभर खाली. मी बघत बसले. लिंबाचा पाला पडत होता. लांब मळणीयंत्र चालू होतं. किती वेळ गेला कळलं नाही. मग पट्टी उचलून, बरोबर बघून, दाबली. ती चिकटली नाही, नुसती टेकून राहिली आणि हात काढल्यावर खाली पडली. दोनदा दाबली. दोनदा पडली. बोट लावून बघितलं. सोल्युशन जास्तीचं वाळून गेलं होतं, मेलं होतं. दोन वर्षांपूर्वी एकदाही असं झालं नव्हतं. तेव्हा दर दोन मिनिटांनी कुणीतरी विचारत होतं.

मी रडले ते रडले. मग डबा पुन्हा उघडला, दुसरा हात दिला, आणि पदरानं तोंड पुसून स्टुलासमोर बसले. ह्या वेळी मात्र थोड्या थोड्या वेळानं मीच मोठ्यानं विचारत राहिले.

"झालं का गं माय?"